नाकाखालची दाढी

आयुष्यात सगळ्यात मन लावून मी कसला अभ्यास केला असेल, तर तो दाढीच्या रेझरांचा. हसा खुशाल. एवढा अभ्यास पदवीला केला असतास तर आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना काचेच्या नळ्या काढून देत उभा राहिला नसतास, असं आमचे अण्णा मला निदान शंभरदा म्हणाले असतील. हल्ली म्हणत नाहीत. म्हणाले असते तर मी आज पेढे वाटले असते.

अण्णा म्हणजे माझे वडील. इथे भिंगारला लष्कराच्या एका ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क म्हणून चिकटले ते तिथूनच रिटायर झाले. अंगावर गणवेश नव्हता, पण शिस्त सगळी गणवेशवाल्यांची. सकाळी सहाला दाढी म्हणजे दाढी. रविवारी दाढी, अंगात ताप असताना दाढी, माझ्या लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या आधी यांची दाढी. आई गेली तेव्हाचे सुतकाचे दिवस सोडले तर त्यांच्या गालावर खुंट मी पाहिलेले नव्हते. मिशीही नव्हती. त्यांचे वडील गेले तेव्हा दहाव्याला उतरवली, ती त्यांनी परत कधी ठेवलीच नाही.

घरातली भिक्षुकी आजोबांच्या आधीच सुटली होती, पण ही एक रीत मात्र अण्णांनी घट्ट धरून ठेवलेली. बाप जिवंत असेपर्यंत मुलानं मिशी काढायची नाही. बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी एकदमच जायची. "मिशी म्हणजे बापाच्या हयातीचा दाखला," असं ते म्हणायचे. पेन्शनसाठी दरवर्षी स्वतःच्या हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागायचं, त्यावरून त्यांना सुचलेला हा विनोद. कॉलेजात असताना मी एकदा मिशी काढून टाकायचा विचार बोलून दाखवला, तर म्हणाले, "काढ की. मी मेल्यावर काढ." मग मी कुठला काढतोय! डोक्यावरचं सगळं चाळिशीतच गेलं, चांगला तुळतुळीत झालो, पण मिशी राहिली.

अण्णांना झटका आला तो सकाळचाच. पेपर उलटा धरून वाचत बसले होते. आधी मला वाटलं माझी गंमत करतायत. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला बारीक झटका आहे, उजवा हात पूर्वीसारखा चालणार नाही. तो नाहीच चालला. पण खरं दुखणं नंतर सुरू झालं. अण्णा विसरायला लागले. जेवले की नाही ते विसरले, मग गल्ली विसरले, मग आई गेलीय हे विसरले आणि ती बाजारातून का येत नाही म्हणून दाराकडे बघत बसले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. मी विचारलं, घरच्यांनाही विसरतील? म्हणाले, हो. कधी? त्यावर त्यांनी नुसते हात वर केले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न. मला कधी विसरणार? बाकी सगळं विसरा हो, मला नका विसरू, एवढीच माझी देवाकडे भुणभुण. माझ्या बायकोला ते विसरले. एका दुपारी तिला "ताई, पाणी देता का?" म्हणाले. पंचवीस वर्षं सूनबाई सूनबाई म्हणणारा माणूस. तिनं पाणी दिलं, आत जाऊन रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून "ताई"ला ओ द्यायला लागली. तिच्यात ती ताकद आहे. माझ्यात नाही.

मी मात्र टिकून होतो. का टिकून होतो तेही मला पक्कं ठाऊक होतं. दाढीमुळे.

सुरुवातीला सलूनवाला घरी यायचा. जुना ओळखीचा, हात अगदी हलका. पण अण्णांना रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. वस्तरा हनुवटीखाली तिळाएवढा लागला आणि रक्त थांबेचना. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तरी बनियन भिजलं. अण्णा भेदरून माझ्याकडे बघत होते. सलूनवाल्याचं तोंड पांढरंफटक. "दादा, कातडं लई पातळ झालंय ओ यांचं," तो म्हणाला. "उद्या काय झालं तर मला न्हाई सोसायचं. मशीन मारून देतो म्हना तर येतो." मशीन मारून बघितलं. खुंट राहतातच. अण्णांनी डावा हात गालावरून फिरवला आणि म्हणाले, "ही काय दाढी झाली?" मग मी म्हटलं, आपणच करू. त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. दुसऱ्याची दाढी करणं, तेही म्हाताऱ्या माणसाची, ही साधी गोष्ट नाही. कातडी ओढली की सगळीच आपल्या हातात येते. अण्णांचा जुना स्टीलचा रेझर, ब्लेड घालून पिळायचा, तो मी पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून दिला, कारण त्यानं मी मलाच कापून घेतलं. मग कार्ट्रिजवाले आणले. दांडा तोच, वर ब्लेडांचं तयार डोकं खटकन बसवायचं.

आधी दोन पात्यांचा. त्याचं डोकं ताठ, अजिबात वळत नाही, हनुवटीच्या वळणावर आपणच मनगट मुरडायचं. केस मात्र त्यात अडकत नाहीत, पाण्याखाली धरला की साफ. पण गुळगुळीत करायची तर दाबावा लागतो, आणि दाबला की अण्णांच्या गालावर लाल पुरळ. मग तीन पात्यांचा. हा गालाबरोबर वळतो. वर एक हिरवी पट्टी असते, ती ओली झाली की बुळबुळीत होते आणि रेझर सरकतो. पण ती पट्टी झिजली की लगेच डोकं बदलायचं. आणखी एक दाढी होईल म्हणून मी एकदा कंजूषपणा केला, तर मानेवर चरचरून आग झाली त्यांच्या. मान वरून खाली, केस असतील त्या दिशेनं. खालून वर गेलात की मेलात.

आमच्याकडचं बोअरचं पाणी एवढं जड की साबणाचा फेसच धरत नाही, म्हणून फिल्टरचं पाणी कोमट करून घ्यायचो. कवळी काढलेली असली की अण्णांचे गाल आत जायचे आणि रेझर खड्ड्यात पडल्यासारखा पडायचा. म्हणून दाढीच्या आधी कवळी बसवायची. बायको म्हणायची, "जेवताना कवळी नको म्हणतात आणि दाढीला बरी घालून घेतात!"

कुठलंही नवीन रेझर-डोकं आलं की आधी माझ्या तोंडावर, हा माझा नियम. अण्णांच्या कातडीवर प्रयोग नाही. डावा गाल एकानं, उजवा दुसऱ्यानं, आणि मग दिवसभर कॉलेजात कुठल्या बाजूला आग होतेय ते बघायचं. पोरांना वाटायचं सरांची दाढ दुखतेय. वाटेना का.

हे सगळं कशासाठी, तर दाढी झाल्यावर अण्णा डावा हात दोन्ही गालांवरून फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झकास, लेका." तो 'लेका' ऐकला की माझा दिवस निघायचा. दिवसभर मग त्यांनी काहीही बडबड करू दे, मला धाकट्या काकाच्या नावानं हाक मारू दे, सकाळी त्यांनी लेका म्हटलंय ना, बास. अजून ओळखतात.

एक जागा मात्र कुठल्याच रेझरला जमत नव्हती. नाकाखालची. तीन पात्यांचं डोकं जाडजूड, ते नाकाला अडकायचं आणि बरोबर नाकाखाली पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ राहायची. जगातलं सगळं विसरलेल्या माणसाला ती रेघ बोटाला बरोबर सापडायची. "इथं राहिलंय, लेका. अर्धवट कामं करायची तुझी खोड काही जायची नाही." हे ऐकून मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू! पण ती रेघ डोक्यात बसली. मला त्यांना एकदा तरी पूर्ण दाढी करून द्यायची होती.

नगरच्या बाजारात एका दुकानात पाच पात्यांचा मिळाला. ही डोकी काचेच्या कपाटात कुलपात ठेवतात, जशी काही पाटल्या-बांगड्या. दुकानदारानं कुलूप काढलं आणि म्हणाला, "पाच ब्लेडी हाय साहेब, लोन्यावानी चालतंय. आन् मागच्या अंगाला बगा, एक येगळं ब्लेड हाय. कल्ल्याला, नाकाखाली, आडचनीच्या जागी." नाकाखाली! मी तिथंच अर्धी लढाई जिंकलो.

रविवारची सकाळ. नियमाप्रमाणे आधी माझ्या तोंडावर. गाल झाले, सुरेख झाले. आता ते मागचं पातं. ते तपासायची जागा एकच, नाकाखालची, आणि तिथं माझी मिशी. म्हटलं, मिशीची वरची कड जराशी, सुताएवढी घेऊन बघू. रेझर उलटा धरला की खाली काय कापलं जातंय ते दिसत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. डावीकडचा गठ्ठाच गेला. मग उजवीकडून तेवढा काढला. उजवीकडून जास्त गेला, म्हणून परत डावीकडून. शेवटी ओठावर एक सुरवंट बसल्यासारखं काहीतरी उरलं, ते बघून मीच शरमलो, आणि च्यायला म्हणून सगळी साफ करून टाकली.

अण्णांचा तो हयातीचा दाखला आठवला नाही का? आठवला. खोटं कशाला बोलू. आठवला आणि मी तो झटकून टाकला. म्हटलं, आजकाल कोण पाळतं? कॉलेजातले निम्मे प्राध्यापक बिनमिशांचे फिरतात आणि त्यांचे बाप सकाळी टेकडी चढून येतात. शिवाय मी खुशीत होतो. ओठावरून बोट फिरवलं, नाकाच्या मुळापर्यंत गुळगुळीत, कुठे खरचटलं नाही, आग नाही. रेझर पास झाला होता.

बायको समोर आली आणि तिनं तोंडावर हातच ठेवला. "अहो! हे काय करून बसलात!"

"वाढेल गं परत."

"पण अण्णा?"

"त्यांना काय कळतंय आता," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडानं बोललो.

मग कोमट पाण्याचा मग, ब्रश, साबण आणि नवा रेझर घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, कवळी घालून तयार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी ओठाकडे, मग माझ्या तुळतुळीत डोक्याकडे, मग परत ओठाकडे. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. चांगला हात छातीशी नेला आणि खुर्चीतल्या खुर्चीत जरा सरळ झाले.

"या. बसा," ते म्हणाले. "कधी गेले?"

मला कळेचना. "कोण?"

"तुमचे वडील. दहावा झालेला दिसतोय. वाईट झालं हो."

मी हसलो. खरंच हसलो, देवाशप्पथ. म्हटलं, अण्णा, काय तुम्ही, मी आहे ना. ब्रशनं फेस काढला आणि त्यांच्या गालाला लावायला गेलो, तर त्यांनी तोंड बाजूला घेतलं. रागानं नाही, अगदी सभ्यपणे, परक्या माणसाला आपण संकोचून नको म्हणतो तसं. "नको नको, तुम्ही कशाला? तुमच्यावर एवढा प्रसंग. माझी दाढी माझा मुलगा करतो. येईलच तो एवढ्यात."

"अण्णा, मीच तो!"

"असू दे, असू दे," ते म्हणाले.

मग माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर ओरडलो. "बघा ना नीट! मी आहे मी! रोज कोण करतं तुमची दाढी?" त्यांनी डावा हात चेहऱ्यासमोर धरला, मी मारीन की काय अशा भीतीनं. ज्या माणसानं मला जन्मात एकच थोबाडीत दिली, आणि तीही माझ्याच चुकीला, तो माणूस माझ्यापुढे हात आडवा धरून बसलेला. बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मगातलं पाणी सगळं माझ्या पायावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच युक्ती काढली. मला स्टुलावर बसवलं आणि काजळानं ओठावर मिशी काढून दिली. चांगली काढली तिनं, केस केस दाखवले. मी आत गेलो. अण्णांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "नाटकात काम करता वाटतं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की कवळी सुटली. आम्हीही हसलो, काय करणार. बाहेर येऊन तिनं पदरानं माझा ओठ पुसला. काजळ गालभर फिसकटलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून रडलो.

मग वाट बघणं. मिशी वाढायची वाट. उठलो की आधी बोट ओठावर. कॉलेजात एकानं विचारलं, "वडील गेले का हो? कळलं नाही आम्हाला." मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोज सकाळी मी अण्णांच्या दाराशी मग घेऊन जायचो आणि रोज ते म्हणायचे, नको, मुलगा येईल. बायकोलाही लावू दिला नाही हात. खुंट वाढत गेले, पांढरे, मग लव्हाळ्यासारखे वाकले. त्यात वरणभात अडकायचा. अण्णांच्या तोंडाला कोणी अशी दाढी बघितली असती तर ओळखलं नसतं कोणी. शेवटी सलूनवाल्याला बोलावला, त्यानं आठवड्याला येऊन मशीन मारायचं ठरलं. त्याला ते नाही म्हणत नाहीत. तो न्हावी आहे, त्याचं ते कामच आहे. मी कोण?

महिना-दीड महिन्यानं मिशी भरून आली, पूर्वीसारखी, जरा पांढरी जास्त. नवा शर्ट घालून गेलो त्यांच्यासमोर, मुलगी बघायला निघाल्यासारखा. त्यांनी पाहिलं.

"या. बसा," म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, मिशीचा काही संबंध नाही. ते होणारच होतं, त्या दिवशी तुम्हाला दिसलं एवढंच. चांगले आहेत डॉक्टर, माझं मन राखायला म्हणाले असतील किंवा खरंही असेल. मला नाही पटत. मला वाटतं, त्यांच्या डोक्यात एक शेवटचा धागा राहिला होता, रोज सकाळी मी तो नीट धरून ठेवत होतो, आणि एका रविवारी उगाच हुशारी करायला गेलो. पाच पात्यांचा रेझर बाथरूमच्या फळीवर आहे. एवढं सगळं शोधून, तपासून, तीन-तीन डोकी घासून माणसानं ज्याच्यासाठी काढला त्याच्या नाकाखाली तो एकदाही लागला नाही. मी स्वतः सध्या साधा दोन पात्यांचा वापरतो. कसली आग होते, कुठे होते, काही बघत नाही.

मी रोज त्यांच्याशेजारी अर्धा तास बसतो, दाढीच्याच वेळेला. ते माझ्याशी नीट बोलतात, अहो-जाहो करतात. एवढ्या आदरानं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. माझे वडील वारल्याचं मात्र ते विसरत नाहीत. बाकी सगळं वाहून जातं, हे तेवढं टिकलंय.

परवा सकाळी सलूनवाला मशीन मारून गेला होता. अण्णा गालावर हात फिरवत, नाक मुरडत बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे वडील बरेच दिवस आजारी होते का?"

आता मी वाद घालत नाही. "हो," म्हणालो.

"कोण करायचं त्यांचं?"

"मीच. आणि बायको."

"शेवटपर्यंत ओळखत होते ना तुम्हाला?"

खिडकीतून गल्लीतला दूधवाला दिसत होता, त्याच्याकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "हो. ओळखत होते."

"मग तुम्ही नशीबवान," अण्णा म्हणाले. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि थोपटला. "माझा मुलगा बघा. असा नव्हता हो तो. रोज यायचा. काय झालं कळत नाही, किती दिवस झाले, फिरकलाच नाही." मग माझ्याकडे वाकून, कोणी ऐकू नये अशा बेतानं हळूच म्हणाले, "कुठे भेटला तर सांगाल त्याला? म्हणावं, रागावलो नाहीये मी. दाढी तेवढी करून जा म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.